निदान सांगाल त्याच दिवशी: न्यूरॉलॉजिस्ट डॉक्टरांना खुलं पत्र

सन्माननीय डॉक्टर मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे एएलएस, झालेल्या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना मदत करणाऱ्या एका संस्थेत मी समन्वयक म्हणून काम करते. कामाचा बराचसा भाग फोनवरच चालतो. नव्या घरातून फोन आला की पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य हमखास येतं: "अहो, तुमच्याबद्दल आम्हाला आधी कुणी सांगितलंच नाही." तोवर त्या घरात पाण्याचा घोट घेताना ठसका लागायला लागलेला असतो, पेशंटचं बोलणं परक्यांना कळेनासं झालेलं असतं आणि सगळ्या घराची झोप उडालेली असते. आमचा नंबर तरी मिळालेला असतो कुठून? रात्री दोन वाजता मोबाइलवर शोधता शोधता, नाहीतर फिजिओकडे शेजारच्या खुर्चीत बसलेल्या दुसऱ्या पेशंटच्या बायकोकडून. तुमच्याकडून क्वचितच.

माझी मागणी एकच आहे. ज्या दिवशी तुम्ही निदान सांगता, त्याच दिवशी, त्याच टेबलावर, आधार देणाऱ्या एखाद्या संस्थेचा पत्ता आणि फोन नंबर लिहून कुटुंबाच्या हातात द्या. ती आमचीच संस्था असावी असं काही नाही.

आजाराची ओळख तुम्हाला करून द्यायची गरज नाही, पण पत्र खुलं आहे आणि ते इतरही वाचतील, म्हणून थोडक्यात सांगते. स्नायूंना हुकूम सोडणाऱ्या मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या चेतापेशी एकेक करून मरत जातात. हुकूम यायचा थांबला की स्नायू वाळतो. आधी एखादा हात किंवा पाय, किंवा जीभ, मग हळूहळू सगळंच, शेवटी श्वासाचे स्नायू. फ्रान्सच्या झां-मार्तां शार्को यांनी १८६९ साली या आजाराचं वर्णन केलं. त्यानंतर पहिलं औषध, रिलुझोल, मान्य व्हायला १९९५ साल उजाडलं, आणि त्यानं आयुष्य वाढतं ते साधारण दोन-तीन महिन्यांनी. नंतर आणखी एक-दोन औषधं आली, त्यांतलं टोफर्सन तर एसओडी१ या एकाच जनुकात दोष असलेल्या थोड्या पेशंटांपुरतं आहे. बरं करणारं औषध अजून नाही. लक्षणं सुरू झाल्यापासून बहुतेकांच्या हातात दोन ते पाच वर्षं असतात. दहांतला एखादा दहा वर्षांच्या पुढे जातो.

आता या दोन-पाच वर्षांतून निदानाला लागणारा वेळ वजा करा. आधी मान किंवा मणका धरला जातो, कुणाला मनगटातली नस दबली असं सांगतात, काहींचं मणक्याचं ऑपरेशनही होऊन जातं. मग कधीतरी ईएमजी, म्हणजे स्नायू आणि नसांची विद्युत तपासणी, होतो. या सगळ्यात सरासरी वर्षभर सहज जातं. म्हणजे तुमच्या टेबलासमोर बसून "एएलएस" हा शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्या माणसाचा बराचसा वेळ आधीच खर्ची पडलेला असतो. त्यानंतर तो आमच्यापर्यंत पोचायला आणखी आठ-दहा महिने लागले, तर आम्ही करू शकलो असतो त्यातल्या निम्म्या गोष्टींची वेळ टळून गेलेली असते. ही निम्मी कुठली, तेच सांगायला बसले आहे.

आवाजापासून सुरुवात करते. साधारण चौघांतल्या एकाचा आजार बोलण्यापासूनच सुरू होतो, आणि बाकीच्यांपैकी बहुतेकांचं बोलणं पुढे जातंच. बोलणं नीट आहे तोवर माणसाचा आवाज रेकॉर्ड करून ठेवता येतो. नमुन्यादाखल वाक्यं वाचून घेतली की त्यावरून संगणक त्याच आवाजात बोलू शकेल अशी सोय आता होते. शिवाय रोजची स्वतःची वाक्यं, नातवंडांना मारायच्या हाका, ठेवणीतले विनोद, एखादी खास शिवीसुद्धा, जशीच्या तशी साठवून ठेवता येतात. यासाठी शांत खोली, बरा मायक्रोफोन आणि थोडे निवांत दिवस एवढंच लागतं. पण जीभ जड झाली की ही वेळ गेलीच.

उशिरा आलेल्या एका घरात आम्ही मग उलट्या बाजूनं शोधायला बसलो. वडिलांचा आवाज पूर्ण गेला होता. मुलीनं जुने मोबाइल काढले, चार्जर शोधले, व्हॉइस नोट्स एकेक करून ऐकल्या. सापडलं ते असं: "पोचलो", "गाडी लावतोय, आलोच", "आईला फोन करायला सांग", आणि मागे हॉर्नचा आवाज. एकही वाक्य चार-पाच शब्दांपलीकडचं नव्हतं. माणूस कामाचा, फोनवर मोजकंच बोलणारा. जे मिळालं त्यावर आमच्या तंत्रज्ञानं खूप खटपट केली, पण हाती आलेला आवाज कुणाचाही वाटेल असा होता. या वडिलांचं निदान झालं तेव्हा ते दिवसभर लोकांशी बोलत होते. निदान सांगणाऱ्या डॉक्टरांनी त्या दिवशी दोन ओळी लिहून दिल्या असत्या, तर पुढच्या आठवड्यात आम्ही मायक्रोफोन घेऊन त्यांच्या घरी असतो.

पोटातल्या नळीचंही तसंच. पेगची, म्हणजे थेट पोटात अन्न सोडायची, नळी टाकणं म्हणजे "शेवट आला" असं घरच्यांना वाटतं, आणि ते पुढे ढकलत राहतात. फुफ्फुसांची क्षमता अपेक्षित क्षमतेच्या ५० टक्क्यांखाली जायच्या आत ती टाकलेली बरी, हे तुम्ही जाणता. पण ज्या बाईनं नळी कधी पाहिलेलीच नाही, तिला हा टक्का सांगून काय उपयोग? तिला पाहायची असते दुसऱ्या घरातली नळी. आम्ही तिची अशा घरातल्या बाईशी फोनवर गाठ घालून देतो. तिकडची सांगते की सकाळी नळीतून द्यायला मला किती वेळ लागतो, नळी चोंदली तर मी कोमट पाणी कसं सोडते, आणि हो, ह्यांना अजून चवीपुरतं तोंडानंही देते. या बोलण्यानंतर होणारा निर्णय नळीच्या बाजूनं असो किंवा नळी नको असा असो, तो घाबरून घेतलेला नसतो. मात्र हे बोलणं घडायला हाताशी काही महिने हवेत.

तिसरी गोष्ट ऑक्सिजनची, आणि इथे मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण इथे उशीर जीवावर बेततो. छातीचा पडदा कमजोर झाला की रात्री आडवं पडल्यावर श्वास पुरत नाही. सकाळी डोकं जड होऊन दुखतं, दिवसा झापड येते, उशांची संख्या वाढत जाते. घरचे बोटाला ऑक्सिमीटर लावतात, आकडा जरा कमी दिसतो, आणि कुणीतरी सल्ला देतं म्हणून ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं आणतात. आकडा लगेच सुधारतो. सगळे खूष होतात. पेशंट मात्र जास्तच झोपाळू होत जातो, कारण दुखणं ऑक्सिजन आत येण्याचं नसून कार्बन डायऑक्साइड बाहेर न पडण्याचं आहे. नुसत्या ऑक्सिजननं श्वासाची उरलीसुरली धडपडही मंदावते आणि तो वायू रक्तात साठत जातो. लागतो तो बायपॅप, म्हणजे श्वासाला जोर देणारं मशीन. इंग्लंडमधल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घशाचे स्नायू फारसे बिघडलेले नसलेल्या पेशंटांचं आयुष्य या मशीनमुळे २०५ दिवसांनी वाढलं, हा मध्यकाचा, म्हणजे रांगेतल्या मधल्या पेशंटचा, आकडा आहे. "सकाळी डोकं दुखतं का, उशा किती घेता" हे दोन प्रश्न आमचे स्वयंसेवक प्रत्येक फोनवर विचारतात. डोकं दुखत असेल किंवा उशा वाढल्या असतील, तर त्याच दिवशी तुमच्याकडे किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जायला सांगतात. आम्ही उपचार करत नाही. वेळेवर तुमच्या दारात माणूस परत पाठवतो.

रिलुझोलची चिठ्ठी तुम्ही न चुकता लिहिता, आयुष्यातल्या त्या वाढीव दोन-तीन महिन्यांसाठी. लिहायलाच हवी. आयर्लंडमध्ये ट्रेनर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली एक तुलना छापली. न्यूरॉलॉजिस्ट, फिजिओ, स्पीच थेरपिस्ट, आहारतज्ज्ञ असे सगळे एका छताखाली असलेल्या एएलएस क्लिनिकमध्ये जाणारे पेशंट, साध्या न्यूरॉलॉजी ओपीडीत जाणाऱ्यांपेक्षा मध्यकानं साडेसात महिने जास्त जगले. तो अभ्यास चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला नव्हता, आणि तो क्लिनिकचा होता, आमच्यासारख्या संस्थेचा नव्हता, हे मी आधीच कबूल करते. पण जिथे असं क्लिनिक नाही, तिथे या सगळ्या माणसांची मोट कुणीतरी बांधायला हवी. सध्या ती पेशंटची बायको बांधते, नोकरी सांभाळून, रात्री तीनदा कूस बदलून दिल्यावर. या साडेसात महिन्यांची चिठ्ठी कोण लिहिणार, एवढंच मी विचारते आहे.

तुमच्यातल्या काहींशी याबद्दल प्रत्यक्ष बोलले आहे, म्हणून अडचणीही माहीत आहेत.

वेळ नाही, ही अडचण खरी आहे. युरोपातल्या न्यूरॉलॉजी संघटनांच्या महासंघानं २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत हे निदान सांगायला किमान ४५ ते ६० मिनिटं ठेवा, आणि संस्थांची माहिती छापील द्या, असं म्हटलं आहे. बाहेर रांग लागलेली असताना तासभर कुठून आणणार, हे मला कळतं. पण म्हणूनच तर. तुम्हाला जमणार नाहीत ती पुढची पंचेचाळीस मिनिटं आम्ही देऊ, आणि त्यानंतरचीही.

दुसरी शंका येते ती भरवशाची. संस्थेच्या नावाखाली कुणी काहीबाही विकत असेल तर? शंका रास्त आहे, तपासून घ्या. आमच्याकडे औषध, पूरक आहार, स्टेम सेल यांपैकी कशाचीही जाहिरात चालत नाही, आणि तसं करणाऱ्या स्वयंसेवकाला आम्ही थांबवतो. पण दुसरी बाजूही पाहा. "यावर इलाज नाही, तीन महिन्यांनी दाखवा" एवढंच ऐकून घरी गेलेलं कुटुंब त्याच संध्याकाळी शोधायला बसतं. पडद्यावर सगळ्यात आधी दिसतात ते चालायला लावण्याची हमी देणारे. तुम्ही पत्ता दिला नाहीत म्हणून कुटुंब बिनपत्त्याचं राहत नाही. ते दुसऱ्याच पत्त्यावर पोचतं, आणि घरातले दागिने मोडून आल्यावर आमच्याकडे येतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात नाजूक. "घरच्यांनीच सांगितलं, बाबांना काही कळू देऊ नका." पेशंटला बाहेर बसवून मुलगा किंवा भाऊ आत येतो, हात जोडतो, आणि तुम्ही कागदावर नुसतं "स्नायूंचा आजार" असं लिहिता. मायेपोटीच होतं हे, त्यात वाद नाही. पण या आजारात बहुतेकांची समज बराच काळ शाबूत असते. स्वतःचा हात वाळताना माणूस रोज पाहत असतो. त्याला कळतं. आपल्याला कळलंय हे घरच्यांना कळू नये म्हणून तो गप्प राहतो, आणि घरचे त्याच्यासमोर हसत राहतात. असं नाटक वर्षभर चाललेली घरं मी पाहिली आहेत. त्या वर्षात बँकेतल्या सह्या राहतात, व्हेंटिलेटर हवा की नको हे त्याला कुणी विचारत नाही, आणि आवाज रेकॉर्ड करायचा विषयच निघू शकत नाही, कारण "कशासाठी?" या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नसतं. मग एका रात्री श्वास अडकतो, ॲम्ब्युलन्स येते, आणि घशाला छिद्र पाडायचं का हा प्रश्न पेशंटऐवजी कॉरिडॉरमध्ये उभ्या असलेल्या मुलाला विचारला जातो.

अशा घरासाठीही आमचा नंबर द्या. वाटल्यास फक्त मुलाला द्या. बाबांना कसं, किती, कोणत्या शब्दांत सांगायचं, हे आधी त्यातून गेलेल्या दुसऱ्या मुलाशी बोलताना जेवढं सुचतं तेवढं कुणाच्याच उपदेशातून सुचत नाही. बहुतेक घरांत पुढे सांगितलं जातं. काही घरांत नाही, आणि तेही आम्ही सांभाळून घेतो.

आणि आशा मालवण्याची भीती. संस्थेत गेल्यावर पुढच्या टप्प्यातले पेशंट दिसतील आणि माणूस खचेल, असं तुमच्यातल्या एकानं मला सांगितलं होतं. काही जण खचतात, खरं आहे. म्हणून नव्या कुटुंबाला आम्ही सगळ्यांच्या बैठकीला लगेच बोलावत नाही, आधी एकाच घराशी जोडून देतो. पण आशेबद्दल बोलायचं तर पहिल्या फोनवर स्टीफन हॉकिंग यांचं नाव निघालं नाही असं फारसं होत नाही. "ते तर पन्नास वर्षं जगले ना?" जगले. १९६३ साली, २१ व्या वर्षी निदान झालं, दोन वर्षं सांगितली होती, आणि गेले ते २०१८ साली. आमचे स्वयंसेवक हे खोडून काढत नाहीत. आजाराची ती चाल फार विरळा असते हे सांगतात, आणि त्यांच्या मागे चोवीस तास नर्सा होत्या, १९८५ साली आवाज गेल्यावर बोलायला यंत्र मिळालं, हेही सांगतात. आधाराची व्यवस्था असेल तर एवढ्या आजारातही माणूस काम करतो, चिडतो, थट्टा करतो. एवढी आशा आम्ही बिनदिक्कत देतो.

काही गोष्टी तुमच्या खोलीत दिसतच नाहीत, त्या भरभर सांगते. काहीही कारण नसताना पेशंट हसत सुटतो किंवा रडतो, आणि बायकोला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. हा आजाराचाच भाग आहे हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. साधारण निम्म्या पेशंटांच्या विचारात किंवा वागण्यात कमीअधिक बदल होतो. "हे आधी असे हट्टी नव्हते" हे ती आम्हाला सांगते. तुमच्यासमोर, नवरा शेजारी बसलेला असताना, कशी सांगणार? मुलांना वेगळीच काळजी: आम्हालाही होईल का? दहांतल्या एखाद्या पेशंटच्याच घराण्यात हा आजार असतो, हे ऐकून बहुतेकांच्या जीवात जीव येतो, आणि उरलेल्यांना आम्ही जनुकीय समुपदेशनाकडे पाठवतो.

आमच्याकडे एक छोटं गोदाम आहे. पलंग, व्हीलचेअर, लाळ आणि कफ ओढून काढणारं सक्शन मशीन, बायपॅप, मानेचे पट्टे. घरं वापरतात आणि परत करतात. परत येतं तेव्हा का येतं हे सगळ्यांना माहीत असतं. स्वयंसेवक मशीन पुसतात, नळ्या नव्या घालतात आणि यादीतल्या पुढच्या घराला फोन लावतात. एका काकूंनी पलंगासोबत अक्षरांचा तक्ता पाठवला होता. डोळ्यांची हालचाल बहुतेकांची शेवटपर्यंत टिकते, म्हणून हा तक्ता: काकू ओळ वाचायच्या, काका पापणी मिटायचे, मग अक्षर. तक्त्याच्या कडेला काकूंनी पेननं त्यांचे स्वतःचे शॉर्टकट लिहिले होते: वर दोनदा पाहिलं तर पंखा, डावीकडे पाहिलं तर कूस, आणि डोळे घट्ट मिटून उघडले तर "तू आता जेवून घे". आम्ही तो तक्ता तसाच पुढच्या घरी दिला. तिथे त्यांनी पंख्याच्या जागी दुसरं काहीतरी लिहिलं.

२०१४ साली बर्फाच्या पाण्याच्या बादल्या डोक्यावर ओतून घेण्याची लाट आली होती. अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे तेव्हा साडेअकरा कोटी डॉलर जमले, मोठा हिस्सा संशोधनाला गेला, आणि २०१६ साली एनईके१ हे या आजाराशी संबंधित जनुक सापडण्यात त्या पैशाचा हात होता. चांगलंच झालं. तरी मध्यरात्री सक्शन मशीन बंद पडलं तर लागतो तो दुसरं मशीन घेऊन येणारा माणूस, आणि त्या माणसाचा नंबर.

तर करायचं ते असं. ड्रॉवरमध्ये चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा ठेवा. निदान सांगून झाल्यावर चिठ्ठी द्या, आणि "तुमचा नंबर मी यांना दिला तर चालेल का?" असं विचारा. बहुतेक माणसं त्या दिवशी घरी जाऊन स्वतः फोन करण्याच्या अवस्थेत नसतात, म्हणून हे विचारणं महत्त्वाचं. "नको" म्हणाले तर विषय सोडून द्या, पण पुढच्या भेटीला पुन्हा एकदा विचारा, आणि ती पुढची भेट तीन महिन्यांनी ठेवण्याऐवजी तीन-चार आठवड्यांत ठेवा. तुमच्या ओपीडीतली सिस्टर किंवा रिसेप्शनवरचे कुणी हे काम घेणार असतील तर आम्ही येऊन त्यांच्याशी बोलू. तुमच्या गावाजवळ दुसरी चांगली संस्था असेल तर चिठ्ठीवर तिचं नाव घाला. कुठलीच नसेल तर फोनवर आम्ही आहोत.

चिठ्ठ्या छापून आम्ही पाठवतो. त्या पोचेपर्यंत प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला हातानं लिहिलेला नंबरही चालेल, फक्त वाचता येईल असा लिहा.

आपली नम्र,
एएलएस पेशंट आणि कुटुंबांसाठी काम करणाऱ्या संस्थेची एक समन्वयक